मुखापासून पेशीपर्यंत

कन्नडमध्ये औषधाच्या गोळीला 'मात्रे' म्हणतात आणि आपण मराठीत 'मात्रा लागू पडली' असे म्हणतो. सीमाभागात ज्यांचा जन्म गेला त्यांना दोन भाषांतले असे शब्द शेजारी शेजारी बसलेले दिसले की मौज वाटते. मात्रा घेणे निराळे आणि मात्रा लागू पडणे निराळे, हा विवेक आपल्या बोलण्यातच आहे. पण या दोहोंत अंतर केवढे असते, हे मला चाळिशी ओलांडल्यावर घरच्या एका प्रसंगातून कळले.

२०११ सालची गोष्ट. आमच्या थोरल्या बंधूंना, अण्णांना, जिभेच्या कडेला गाठ झाली. तंबाखू-चुन्याची चिमूट त्यांनी तीस वर्षे सोडली नव्हती, त्यामुळे दोष कुणाला द्यायचा हा प्रश्नच नव्हता. शस्त्रक्रिया झाली, पाठोपाठ सहा आठवडे किरणोपचार झाले. गाठ गेली, पण तिच्याबरोबर तोंडातली लाळही गेली. भाकरीचा तुकडा ताकात भिजवल्याशिवाय घशाखाली उतरेना. उशाशी तांब्या-भांडे ठेवून निजायचे आणि रात्रीतून चार-पाच वेळा उठून घोटभर पाणी प्यायचे. अण्णा मूळचे बोलके. आमच्या दुकानात गिऱ्हाईक मालापेक्षा त्यांच्या गप्पांसाठी अधिक यायचे. तेच अण्णा दोन वाक्ये बोलून थांबू लागले.

उपचार सुरू होण्याआधी मी डॉक्टरांना विचारले होते, "किरणांपासून बाकीचे तोंड वाचवायला काही औषध नाही का?" डॉक्टर कन्नडभाषक, पण आमच्याशी मराठीत बोलत. ते म्हणाले, "इंजेक्शन आहे, सर. महाग आहे, उलट्या होतात, ब्लड प्रेशर उतरते. रोज किरण देण्याआधी शिरेतून द्यावे लागते." शेजारी बसलेल्या अण्णांनी लगेच विचारले, "मग त्याची गोळी नाही का हो?" डॉक्टर हसले आणि त्यांच्या भाषेत म्हणाले, "गुळिगी इल्ल, अण्णा."

गोळी का नाही? शिरेतून देता येते ते तोंडातून का देता येऊ नये? मी इतिहासाचा एम. ए.; रसायनशास्त्राशी माझा संबंध वेळापत्रकातील तासांपुरता. पण प्रश्न डोक्यातून जाईना. शाळेतल्या विज्ञान शिक्षकांना बसवून मी त्यांच्याकडून धडे घेतले, मिळेल ते वाचले. तेव्हा लक्षात आले की या लहानशा प्रश्नामागे पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे. तो आपल्या वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा प्रपंच.

१८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि पुढच्याच वर्षी बेकरेलला युरेनियमचा किरणोत्सर्ग आढळला. त्या किरणांनी कातडी भाजते, केस गळतात, हे लवकरच दिसून आले. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली क्ष-किरणांच्या प्रयोगांत हात गमावून १९०४ मध्ये मरण पावला. तरीही किरणांविरुद्ध औषध असू शकते ही कल्पना रुजायला दुसरे महायुद्ध उलटावे लागले. हिरोशिमा आणि नागासाकीनंतर मात्र हा प्रश्न डॉक्टरांइतकाच सेनापतींचाही झाला.

१९४९ मध्ये अमेरिकेत शिकागोजवळच्या आर्गोन प्रयोगशाळेत हार्वे पॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल आपल्या रोजच्या अन्नातल्या प्रथिनांतही असते. ते शिरेतून दिलेल्या उंदरांवर त्यांनी क्ष-किरणांचा मोठा मारा केला, तेव्हा औषध न दिलेल्या उंदरांपेक्षा हे उंदीर कितीतरी अधिक संख्येने जगले. मात्र एक अट होती. सिस्टीन किरणांच्या आधी दिले तरच उपयोग होई. नंतर दिले तर ते वाया जाई.

याचे कारण आमच्या विज्ञान शिक्षकांनी फळ्यावर काढून दाखवले. शरीराचा बराचसा भाग पाणी. किरण त्या पाण्याचे रेणू फोडतात आणि त्यातून अतिशय उतावळे असे तुकडे, म्हणजे मुक्त मूलके, तयार होतात. ती पेशीतल्या गुणसूत्रांवर तुटून पडतात. हा सगळा प्रकार डोळ्याचे पाते लवण्याच्या आत संपतो. सिस्टीनसारख्या रेणूच्या टोकाला गंधक आणि हायड्रोजन यांची जोडी असते. ती जोडी मूलकांना जागच्या जागी शांत करते. पण त्यासाठी औषध त्या क्षणी, त्या पेशीत हजर हवे. आग विझवायची तर बादली आधीच भरून ठेवलेली हवी, घर जळाल्यावर विहिरीकडे धावून काय होणार? औषध कोणते, या प्रश्नापेक्षा ते कोठे आणि केव्हा पोचते हा प्रश्न मोठा ठरला तो यामुळे.

दोनच वर्षांनी, १९५१ मध्ये, बेल्जियममधील लिएजचे औषधशास्त्रज्ञ झेनॉन बाक यांनी सिस्टीनचा जवळचा नातलग असलेला सिस्टिअमीन हा पदार्थ पुढे आणला. तो थोड्या मात्रेतही काम करी. त्याचेच दोन रेणू जोडून होणारे सिस्टमीन तोंडावाटेही काही प्रमाणात उपयोगी पडते असे दिसले. सोव्हिएत रशियाने हा धागा धरला आणि नागरी संरक्षणाच्या 'ए. आय. २' या खिशात मावणाऱ्या औषधपेटीत सिस्टमीनच्या गोळ्या घातल्या. गुलाबी डबीत सहा गोळ्या, प्रत्येक गोळी ०.२ ग्रॅमची. किरणोत्सर्गाचा धोका दिसला की सहाच्या सहा गोळ्या एकदम घ्यायच्या. म्हणजे अण्णांनी मागितलेली गोळी जगात एकेकाळी होती तर! पण तिच्यावर कुणी फारसा भरवसा ठेवला नाही. या जातीच्या औषधांनी मळमळ होते, रक्तदाब उतरतो आणि संरक्षण जेमतेम काही तास टिकते. युद्धभूमीवर ओकाऱ्या काढणारा सैनिक कोणत्या सेनापतीला हवा असेल?

अमेरिकी सैन्याने वेगळा मार्ग धरला. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड संशोधन संस्थेत १९५९ पासून चार हजारांहून अधिक रसायने बनवून तपासण्यात आली. त्यांतून निवडून निघालेल्या रसायनाचे नाव 'डब्ल्यू. आर. २७२१'. आज त्यालाच अ‍ॅमिफॉस्टिन म्हणतात. डॉक्टरांनी सांगितलेले इंजेक्शन ते हेच.

याची घडण चतुर आहे. त्याच्या गंधकावर फॉस्फेटचे टोपण बसवलेले आहे. टोपण असेपर्यंत औषध निष्क्रिय असते. शरीरातल्या अल्कलाइन फॉस्फेटेज नावाच्या विकराने टोपण काढले की खरे औषध मोकळे होऊन पेशीत शिरते. पोटाच्या पोकळीत सुईने हे औषध टोचले, तर उंदीर मारायला किरणांची मात्रा सुमारे २.७ पट वाढवावी लागे. तोपर्यंत असा आकडा कुणाला मिळाला नव्हता.

मग हेच औषध उंदरांना तोंडावाटे देऊन पाहिले, तेव्हा निराशा पदरी आली. जठरातल्या आम्लात टोपण निसटते. जे वाचते त्याला आतड्याच्या भिंतीवरचे विकर गाठते, कारण तेथे ते भरपूर असते. शिवाय या रेणूवर विद्युतभार असल्याने आतड्याची स्निग्ध भिंत त्याला सहजी पार होऊ देत नाही. त्यातूनही जे रक्तात उतरते ते आधी यकृताकडे जाते आणि तेथे त्याची मोडतोड होते. सुईने दिलेले औषध थेट रक्ताच्या हमरस्त्याला लागते. तोंडाने दिलेल्या औषधाला मात्र जठर, आतडे आणि यकृत अशी तीन जकातनाकी ओलांडावी लागतात आणि प्रत्येक नाक्यावर माल उतरवून घेतला जातो. अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले.

पुढचे काम मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटले. रक्तात उतरलेले औषध जाते कोठे? १९७० नंतरच्या दशकात संशोधकांनी औषधातल्या साध्या गंधकाच्या जागी किरणोत्सारी गंधक, म्हणजे गंधक-३५, बसवला आणि ते उंदरांना टोचून त्याचा माग काढला. औषध कोठे साठले याचा जणू नकाशाच हाती आला. मूत्रपिंड, यकृत, आतड्याचे अस्तर आणि लाळग्रंथी यांत ते भरपूर सापडले. मेंदूत जवळजवळ नाही. आणि कर्करोगाच्या गाठींत अगदी थोडे. जॉन युहास आणि जॉन स्टोरर यांनी १९६९ मध्येच दाखवून दिले होते की हे औषध निरोगी ऊतींना वाचवते, गाठीला तितके वाचवत नाही. त्यामागचे एक कारण आता दिसले. गाठीतल्या रक्तवाहिन्या तुटपुंज्या, तिथले वातावरण आम्लधर्मी आणि टोपण काढणारे विकर कमी. सैनिकांसाठी शोधलेले औषध रुग्णांच्या कामी येऊ शकेल ते याच कारणाने.

तसेच झाले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अ‍ॅमिफॉस्टिनला १९९५ मध्ये पहिली मान्यता दिली, ती सिस्प्लॅटिन या कर्करोगावरील औषधाच्या माऱ्यातून मूत्रपिंड वाचवण्यासाठी. १९९९ मध्ये दुसरी मान्यता मिळाली, ती किरणोपचारानंतर तोंड कोरडे पडू नये म्हणून. ३१५ रुग्णांच्या चाचणीचा अहवाल २००० साली प्रसिद्ध झाला. उपचारकाळात मध्यम ते तीव्र कोरडेपणा आलेल्यांचे प्रमाण ७८ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर उतरले होते. म्हणजे औषध गुणकारी, पण रामबाण नव्हे. शिरेतून दिल्यावर सहा मिनिटांत त्याचा दहावा हिस्साही रक्तद्रवात उरत नाही, म्हणून ते किरणांआधी १५ ते ३० मिनिटे द्यावे लागते.

यात आणखी एक धडा आहे. उंदरांना हे औषध वजनाच्या किलोमागे ४०० ते ५०० मिलिग्रॅम एवढे देत. लाळेच्या रक्षणासाठी माणसाला देतात ती मात्रा साठ किलोच्या मनुष्यास एकूण सव्वातीनशे मिलिग्रॅमच्या घरात येते, म्हणजे किलोमागे पाच-सहा मिलिग्रॅम. उंदराने सोसले ते माणसाला सोसत नाही. वर्तमानपत्रात 'उंदरांवरील प्रयोग यशस्वी' असा मथळा वाचला की हा हिशेब मला आठवतो.

तोंडावाटे देण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञांनी सोडला नाही. २००५ मध्ये न्यू ऑर्लिअन्सच्या झेवियर विद्यापीठातील संशोधकांनी अ‍ॅमिफॉस्टिन अतिसूक्ष्म विरघळणाऱ्या कणांत बंद करून उंदरांना तोंडाने दिले, आणि त्या उंदरांना किरणांपासून संरक्षण मिळाले. माल पेटीत बंद केल्यावर नाक्यांवरून तो बराच सुखरूप जातो, असा याचा अर्थ. पण माणसासाठी अशी गोळी अजून औषधाच्या दुकानात आलेली नाही. बाहेरून येणाऱ्या किरणांपासून आधीच संरक्षण देणारी मान्यताप्राप्त गोळी अमेरिकेत आजही नाही. किरणांचा मारा झाल्यावर रक्तपेशी पुन्हा वाढाव्यात म्हणून अमेरिकेने २०१५ ते २०२१ या काळात चार औषधांना मान्यता दिली. ती चारही सुईनेच द्यावी लागतात.

बाक यांच्या सिस्टिअमीनचे मात्र दैव उघडले, तेही भलत्याच दाराने. सिस्टिनोसिस नावाचा एक दुर्मिळ जन्मजात रोग आहे. त्यात मुलांच्या पेशींत सिस्टीनचे स्फटिक साठत जातात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. सिस्टिअमीन ते साठे विरघळवते. १९९४ मध्ये त्याच्या कॅप्सूलना अमेरिकेत मान्यता मिळाली. दर सहा तासांनी द्यायचे औषध, म्हणजे मध्यरात्री मुलाला झोपेतून उठवणे आले. पुढे कळले की हे औषध जठरापेक्षा लहान आतड्यात अधिक चांगले शोषले जाते. मग आम्लात न विरघळणारे वेष्टण चढवलेले दाणे तयार झाले आणि २०१३ मध्ये बारा तासांनी एकदा घेण्याचे औषध आले. शोषण कोठे होते हे कळल्याने त्या घरांतल्या आयांना रात्रीची झोप मिळाली. उंदरांच्या आतड्यांवर इतका खल कशाला, असे कुणी विचारले तर मी हे उदाहरण सांगतो.

आता दोन अशा औषधांविषयी सांगतो, जी तोंडावाटे देऊनच यशस्वी झाली. ती किरणांना अडवत नाहीत. शरीरात शिरलेल्या किरणोत्सारी द्रव्याचा बंदोबस्त करतात.

पहिले पोटॅशियम आयोडाइड. हे साधे क्षार असल्याने आतड्यातून चटकन आणि जवळजवळ पूर्ण शोषले जाते. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी ते ओढून घेऊन तुडुंब भरते आणि मागून येणाऱ्या किरणोत्सारी आयोडीनला जागा उरत नाही. १९८६ मध्ये चेर्नोबिलचा स्फोट झाल्यावर पोलंडने काही दिवसांत मुलांना सुमारे १ कोटी ५ लाख आणि प्रौढांना सुमारे ७० लाख मात्रा वाटल्या. पण हे औषध फक्त थायरॉइडला वाचवते आणि वेळेवर, म्हणजे द्रव्य शरीरात शिरण्याच्या थोडे आधी किंवा नंतर काही तासांतच, घेतले तर वाचवते.

दुसरे प्रशियन ब्ल्यू, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये तयार झालेला निळा रंग. याची गंमत अशी की ते रक्तात उतरतच नाही, आणि न उतरण्यातच त्याचा गुण आहे. किरणोत्सारी सीझियम आतड्यात उतरते, पुन्हा रक्तात शोषले जाते, असे त्याचे फेरे चालू असतात. हा निळा रंग त्याला आतड्यातच पकडतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. १९६३ मध्ये उंदरांवर हे सिद्ध झाले. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोइयानिया शहरात भंगारात गेलेल्या उपचारयंत्रातले सीझियम लोकांच्या हाती लागले. चमकणारी निळसर पूड म्हणून त्यांनी ती घरोघर वाटली. चार जण दगावले. ४६ जणांना प्रशियन ब्ल्यू देण्यात आले आणि त्यांच्या शरीरातले सीझियम पुष्कळ लवकर उतरले. चेर्नोबिलनंतर नॉर्वेत मेंढ्या आणि रेनडिअर यांच्या पोटात याच जातीच्या क्षाराच्या वड्या सोडत. त्या तेथे हळूहळू झिजत आणि जनावराचे दूधमांस खाण्याजोगे राही.

म्हणजे एक औषध शोषले जाते म्हणून उपयोगी, दुसरे शोषले जात नाही म्हणून उपयोगी, आणि तिसरे गुणकारी असूनही वाटेतच मोडते म्हणून गोळीच्या रूपात निरुपयोगी. नुसत्या गुणांवर औषध ठरत नाही, वाट पाहावी लागते.

हे सगळे आपल्या दारात कशाला, असे कुणाला वाटेल. कारवार तालुक्यातले कैगा अणुवीज केंद्र २००० सालापासून चालू आहे आणि ते आपल्यापासून फार दूर नाही. अपघात होईल असे मी म्हणत नाही. पण अफवेला अपघात लागत नाही. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा केंद्रात दुर्घटना झाली तेव्हा चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मिठासाठी दुकानांवर झुंबड उडवली. आमच्या नववीच्या मुलांना मी याचे गणित घालतो. प्रौढाच्या १३० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असते. आपल्या मिठात घरी पोचेपर्यंत किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम असावे असा नियम आहे. तर एका गोळीइतक्या आयोडीनसाठी मीठ किती खावे लागेल? उत्तर येते साडेसहा किलोंहून अधिक. मुले आधी हसतात, मग गप्प होतात.

तुळशीचेही असेच. मणिपालच्या कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयात पी. उमा देवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात तुळशीच्या पानांतील ओरिएंटिन आणि व्हिसेनिन या द्रव्यांचे उंदरांवर प्रयोग केले आणि त्यांनी किरणांपासून संरक्षण मिळते असे दाखवले. आपल्या प्रदेशातले हे मोलाचे काम आहे. पण ती शुद्ध केलेली द्रव्ये ठरावीक मात्रेत सुईने पोटाच्या पोकळीत दिलेली होती. वृंदावनातली चार पाने चघळणे म्हणजे ते नव्हे. तुळशीविषयीची श्रद्धा आपल्या जागी असू द्यावी, तिच्यावर किरणोपचाराचा भार टाकू नये. अण्णांना कुणीकुणी काढे सुचवले होते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी त्यांतला एकही दिला नाही, आणि आज त्याचा पश्चात्ताप नाही.

अण्णा त्यानंतर सहा वर्षे जगले. लाळ थोडीशी परतली, पूर्वीसारखी कधीच नाही. दिवाळीत चकलीचा तुकडा ते चहात बुडवून खात आणि "मास्तर, ती गोळी निघाली का रे?" असे दरवर्षी विचारत. मी दरवर्षी नवे काय वाचले ते सांगे, ते ऐकून घेत आणि म्हणत, "निघेल. उंदरांची निघाली, माणसांचीही निघेल." आता विचारणारे कोणी नाही. पण दिवाळी आली की मी अजून नवे काही निघाले का ते पाहतो. आमच्या आठवी-नववीच्या वर्गात तंबाखूची पुडी सापडली, की शिक्षा करण्याआधी त्या मुलाला जवळ बसवून अण्णांची भाकरी ताकात का भिजवावी लागे ते सांगतो. गोळी निघेपर्यंत माझ्यासारख्याच्या हाती तेवढेच आहे.